आयपॅडसाठी वायरलेस डिस्क घ्यावी का? वाड्यातल्या जुन्या कागदांच्या रुमालांचे फोटो साठवायचे आहेत

पिंपळपान (वाई)

नमस्कार मंडळी,

प्रश्न टॅबलेटचा आहे, पण आधी काम सांगते, म्हणजे सल्ला नेमका मिळेल.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मोडी लिपी शिकले. सात वर्षं झाली. आता आम्ही तिघं मिळून काम करतो. एक मी, दुसरे आमचे गुरुजी (मराठीचे शिक्षक होते, वय ७८, मोडी वाचण्यात आमच्या भागात त्यांचा हात धरणारा नाही), आणि तिसरी माझी भाची, ती फोटो काढते. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांच्याकडे जायचं, त्यांच्यासमोर रुमाल (कागद बांधून ठेवलेलं कापडाचं गाठोडं) सोडायचा, एकेक कागद उलगडून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे आणि होता तसा बांधून परत द्यायचा. कागद घराबाहेर न्यायचा नाही, ही अट बहुतेक घरी असते आणि ती रास्तच आहे.

सध्या भोर तालुक्यातल्या एका गावात काम चालू आहे. मांढरदेवीच्या घाटाने जातो. वाड्यात अकरा रुमाल आहेत. कीर्द-खतावण्या (हिशेबाचे कागद) पुष्कळ, पण मधेच महजर (साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्याचे कागद) निघतात, वाटणीपत्रं निघतात, एक कौलनामा (हमीपत्र) तर इतका सुंदर अक्षरातला आहे की गुरुजी दहा मिनिटं नुसते बघत बसले होते. दोन रुमाल झाले, नऊ बाकी आहेत. एका रुमालाला साधारण चार दिवस लागतात.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, कार्ड एकच बसतं. रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) आणि जेपेग (नेहमीचा फोटो) दोन्ही घेतो. रॉ २८ एमबीच्या आसपास, जेपेग १२, म्हणजे एका फोटोला ४० एमबी. दिवसाला ४०० फोटो धरले तर १६ जीबी. माझा आयपॅड दहाव्या पिढीचा, ६४ जीबीचा, त्यातला निम्मा भरलेला. त्याला कार्डाची खाच नाही आणि टाइप-सीचं भोक एकच. लॅपटॉप जुना आणि जड आहे, बॅटरी अर्धा तास टिकत नाही. तो घरीच असतो. वाड्यात दुपारी वीज हमखास जाते, मोबाइलला रेंज अंगणाच्या एका कोपऱ्यात येते तेवढीच. आणि आबांनी (वाड्याचे मालक, वय ८६) पहिल्याच दिवशी सांगितलंय, "फोटो काढा, पण आमचे कागद इंटरनेटवर जायचे नाहीत." जमिनीचे आणि वाटण्यांचे कागद आहेत, त्यामुळे त्यांची काळजी मला पूर्ण पटते. म्हणजे क्लाउडचा विषयच नाही.

वायरलेस कशाला? तर गुरुजींना जमिनीवर बसवत नाही. ते बाहेर सोप्यात खुर्चीवर बसून त्यांच्या सॅमसंगच्या टॅबवर वाचतात. भाची माजघरात खिडकीपाशी फोटो घेते. मी मधे बसून यादी करते. आबांच्या नातवालाही बघायचं असतं. तिघाचौघांनी एकाच वेळी एकाच डिस्कवरचे फोटो उघडायचे, तर वायर कुणाकुणाला लावणार?

आता जे झालं ते सांगते, कारण त्यामुळेच हा प्रश्न विचारतेय. फेब्रुवारीत एका नातेवाइकांनी त्यांची जुनी वायरलेस डिस्क दिली. तिला कार्डाची खाच होती. कार्ड घाला, बटण दाबा, डिस्क स्वतःच उतरवून घेते. दिवा लुकलुकला, मग विझला. आम्हाला वाटलं झालं. रात्री कार्ड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी तेच वापरलं. घरी येऊन लॅपटॉपला लावते तर ४०० पैकी २१२ फोटो, त्यातले शेवटचे काही अर्धे करडे. डिस्कची बॅटरी मधेच संपली होती. दिवा त्यामुळे विझला होता.

राहिलेल्या १८८ आणि त्या अर्ध्या करड्या फोटोंसाठी कागद पुन्हा उलगडावे लागले. आबा काही बोलले नाहीत, स्वतःच्या हाताने त्यांनी रुमाल पुन्हा सोडला. पण दोनशे वर्षांचा कागद घडीवर आधीच पिचलेला असतो, दर उलगडण्याला थोडा तुटतो. एका महजराचा खालचा कोपरा दुसऱ्या वेळी माझ्या बोटांत सुटून आला. त्या कोपऱ्यावर साक्षीदाराची निशाणी होती. तुकडा पाकिटात घालून कागदाबरोबर ठेवला, पण मला तो अजून दिसतो.

म्हणून विचारतेय. आयपॅडसाठी चांगली वायरलेस डिस्क कोणती? बॅटरी दिवसभर टिकते का? कार्ड पूर्ण उतरलं की नाही हे वाड्यातच कसं कळेल? बारा-पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो, आम्हा दोघांच्या पेन्शनीतून आणि भाचीच्या पगारातून आहे.

रानवाटा (चंद्रपूर)

ताई, वाचून वाईट वाटलं. मी ताडोब्यात फोटो काढतो. माझा वाघ हुकला तर उद्या दुसरा दिसेल, तुमच्या कागदाचं तसं नाही.

वायरलेस डिस्क मी सहा वर्षं वापरली. या प्रकाराची गोष्ट थोडी सांगतो, कारण बाजारात आज काय सापडेल ते त्यावरूनच कळतं. सीगेटची गोफ्लेक्स सॅटेलाइट २०११ ला आली, ५०० जीबीची. आयपॅड नवा होता, त्याला बाहेरची डिस्क जोडायची सोयच नव्हती, म्हणून डिस्कनेच स्वतःचं वायफाय काढायचं ही युक्ती निघाली. मग २०१३ ला वायरलेस प्लस आली. वेस्टर्न डिजिटलची माय पासपोर्ट वायरलेस २०१४ ला, आणि २०१६ ला तिची प्रो आवृत्ती, ६४०० एमएएचची बॅटरी आणि कार्डाची खाच असलेली. माझ्याकडे तीच होती. पुढे २०१८ ला एसएसडीवालीही (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी) आली.

पण २०१९ ला आयपॅडओएस १३ आलं आणि फाइल्स अ‍ॅपमध्ये पेनड्राइव्ह, डिस्क, कार्ड सरळ दिसायला लागलं. ज्या अडचणीसाठी या डिस्क निघाल्या होत्या ती अडचणच राहिली नाही. त्यामुळे आता दुकानात जे मिळेल ते बहुतेक पडून राहिलेला माल. लिथियमची बॅटरी न वापरताही म्हातारी होते. डब्यातून नवी कोरी काढलेली डिस्कसुद्धा तुम्हाला दुपारी दगा देऊ शकते. शिवाय त्या डिस्क कंपनीच्या अ‍ॅपवर अवलंबून असतात. अ‍ॅप जुनं झालं की नव्या आयपॅडवर ते चालेल याची खात्री कोण देणार? तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: अशी डिस्क आता घेऊ नका.

दुसरं, आणि हे मला डिस्कपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कार्ड पुसूच नका. ३२ जीबीची आठ कार्डं घ्या, चांगल्या कंपनीची, ओळखीच्या दुकानातून. एक दिवस, एक कार्ड. संध्याकाळी कार्डाच्या कडेचा बारका खटका खाली सरकवून लॉक करायचं, डबीत ठेवायचं, डबीवर तारीख. घरी दोन ठिकाणी उतरवून, उघडून बघितल्यावरच ते पुन्हा वापरात आणायचं. आम्ही जंगलात हेच करतो. पूर्वी फिल्मचा रोळ कुणी पुसत होतं का? तसंच.

आणि दिव्यावर विश्वास ठेवू नका. आकडा दिसेल असंच साधन वापरा.

तारयंत्र (पुणे)

पिंपळपान ताई, मी नेटवर्कचं काम करतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र बांधली गेली आहेत. एक, कार्डावरचं सुखरूप उतरवणं. दोन, उतरवलेलं सगळ्यांना दाखवणं. पहिलं वायरने करा, दुसरं वायफायने. एकाच यंत्राकडून दोन्ही मागितलं म्हणून फेब्रुवारीत घात झाला.

पहिलं काम. टाइप-सीचं असं हब (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) घ्या ज्यात कार्डाची खाच आहे, दोन यूएसबी आहेत आणि चार्जरही लागतो. हब आयपॅडला, चार्जर (किंवा मोठी पॉवरबँक) हबला, हबमध्ये कार्ड आणि एसएसडी. फाइल्स अ‍ॅपमध्ये दोन्ही बाजूला दिसतील. कार्डावरचं फोल्डर उचलून एसएसडीवर टाकायचं. आयपॅडच्या पोटात काहीच साठत नाही, त्यामुळे ६४ जीबीची अडचण उरत नाही. फिरत्या तबकडीची डिस्क घेऊ नका. ती सुरू होताना जास्त वीज मागते, आणि घाटातल्या प्रवासात हादऱ्यांचीही भीती.

वेग सांगतो म्हणजे अपेक्षा बरोबर राहील. दहाव्या पिढीच्या आयपॅडचं भोक टाइप-सी असलं तरी आतून यूएसबी २ आहे, ४८० मेगाबिट. हातात पडतो तो वेग ३०-३५ एमबी सेकंदाला. त्यातही कार्डावरून आत येणारा आणि एसएसडीकडे बाहेर जाणारा माल एकाच अरुंद बोळातून, आळीपाळीने जातो. म्हणजे निम्मा धरा, १५ एमबी. तुमचे १६ जीबी उतरायला १८-२० मिनिटं. महागडी, फार वेगवान एसएसडी घेऊन यात काही फरक पडणार नाही, ते पैसे वाचवा आणि दोन साध्या एसएसडी घ्या. नऊ रुमाल गुणिले चार दिवस गुणिले १६ म्हणजे ५७६ जीबी. १ टीबी पुरते.

एक धोका नीट समजून घ्या. एसएसडी एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असेल, म्हणजे ती विंडोजलाही चालेल. पण एक्सफॅटला अर्धवट लिहिलेलं सावरता येत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली किंवा वायर निघाली तर कधी एक फाइल जाते, कधी अख्ख्या फोल्डरची यादी बिघडते. फाइल्स अ‍ॅपमध्ये "आता काढा" असं सांगणारं बटण नाही. म्हणून कॉपीचं वर्तुळ पूर्ण झालं की मिनिटभर थांबा, शेवटचे दोन-तीन फोटो एसएसडीवरून उघडा, मोठे करून बघा, मगच वायर काढा. आणि उतरवत असताना हब हलणार नाही अशा जागी ठेवा, लोकांच्या पायाखाली नको.

दुसरं काम, दाखवायचं. त्यासाठी प्रवासी राउटर मिळतो, तळहातावर मावणारा, यूएसबीचं भोक असलेला. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर९०२एसी घ्या किंवा जीएल-आयनेटचा एखादा. पाच व्होल्टवर चालतात, म्हणजे पॉवरबँक पुरते. त्यात पेनड्राइव्ह लावायचा, राउटरमध्ये फाइल शेअरिंग सुरू करायचं. आयपॅडवर फाइल्स अ‍ॅपमधल्या "सर्व्हरला जोडा" यातून, गुरुजींच्या सॅमसंगवर माय फाइल्समधल्या नेटवर्क स्टोरेजमधून. कंपनीचं वेगळं अ‍ॅप लागत नाही. बॅटरी मेली तर पॉवरबँक बदला, राउटर बिघडला तर राउटर बदला, फोटो तसेच राहतात. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने फॉरमॅट केलाय ती राउटर वाचतो का, हे मात्र घेतानाच लावून बघा.

इंटरनेटची वायर जोडायचीच नाही. मग राउटर हे वाड्यापुरतंच जाळं राहतं, आबांची अट पाळली जाते. तरी पासवर्ड घालाच, डब्यावर छापलेला नव्हे, स्वतःचा. २०१५ साली सीगेटच्या काही वायरलेस डिस्कमध्ये ठरलेल्या पासवर्डाने कुणीही आत शिरू शकेल असं दार उघडं सापडलं होतं, कंपनीने नंतर सुधारणा दिली. जाळं छोटं आहे म्हणून कुलूप नको, असं नसतं.

आणखी एक. फोटो "फोटोज" अ‍ॅपमध्ये घेऊ नका. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर घरी वायफाय मिळताच आयपॅड ते आपोआप वर चढवेल, तुम्हाला कळणारही नाही. सगळा व्यवहार फाइल्स अ‍ॅपमधूनच.

पिंपळपान (वाई)

रानवाटा भाऊ, तारयंत्र, मनापासून आभार. "पहिलं वायरने, दुसरं वायफायने" हे भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मावशी, हे आपल्याला फेब्रुवारीच्या आधी का नाही सुचलं!

फोटोज अ‍ॅपचं वाचून मात्र पोटात गोळा आला. लगेच आयपॅड उघडून बघितलं. पहिल्या रुमालाचे सहा फोटो मी गुरुजींना दाखवायला त्यात घेतले होते, आणि ते वर गेलेले होते. दोन्हीकडून काढले, अलीकडे हटवलेल्यांमधूनही काढले, आणि आज आबांना फोन करून सांगितलं. न सांगता राहणं मला जमलं नसतं. ते म्हणाले, "सांगितलंस ना, मग झालं."

दोन शंका आहेत. वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, अडीच हात जाड. माजघर ते सोपा यांच्यामध्ये अशी एक भिंत आणि एक दार आहे. वायफाय पोचेल का? आणि गुरुजींना एक फोटो उघडायला किती वेळ लागेल? मोडीत लेखणी न उचलता ओळच्या ओळ लिहिलेली असते, शब्द तोडलेले नसतात. वाचताना फोटो सारखा मोठा करावा लागतो, मागे-पुढे जावं लागतं. प्रत्येक वेळी चक्र फिरत बसलं तर त्यांचा धागा तुटतो.

दौत (धुळे)

मी ग्रंथालयात काम करतो, जुन्या कागदांचे फोटो हेच रोजचं काम. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत, एकेका घरच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत. तुम्ही करताय ते त्याच वाटेवरचं काम आहे ताई, म्हणून लिहितो.

गुरुजींच्या वेगाचं उत्तर सोपं आहे. राउटरच्या पेनड्राइव्हवर रॉ ठेवूच नका. फक्त जेपेग ठेवा. रॉ ही जपायची प्रत, जेपेग ही वाचायची. १२ एमबीचा फोटो अशा छोट्या राउटरवरून दीड-दोन सेकंदांत उघडतो, आमच्याकडे हाच अनुभव आहे. एकदा उघडला की मोठा-लहान करणं टॅबच्या आतच होतं, वायफायचा संबंध राहत नाही. दिवसाचे जेपेग पाच जीबीसुद्धा होत नाहीत. पेनड्राइव्ह त्याच हबच्या दुसऱ्या भोकात लावा, फाइल्समध्ये प्रकारानुसार लावून घ्या म्हणजे जेपेग एका गठ्ठ्याने उचलता येतील.

भिंतीसाठी राउटर दाराच्या उंबऱ्यापाशी ठेवा, भिंतीआड नको. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण जाड मातीला लवकर हार जातो. २.४ हळू पण आरपार जातो. दोन्ही नावं वेगळी ठेवून गुरुजींचा टॅब २.४ ला जोडून बघा. खेड्यात शेजारपाजारची वायफायं नसल्यामुळे २.४ मोकळाच मिळेल.

आता खात्रीबद्दल. रोज संध्याकाळी तीन आकडे वहीत लिहा: कॅमेऱ्याने दाखवलेली फोटोंची संख्या, एसएसडीवरच्या फोल्डरमधली संख्या (रॉ आणि जेपेग असल्याने ती दुप्पट यायला हवी), आणि यादीतल्या कागदांच्या बाजू. तिन्ही जुळले नाहीत तर रुमाल बांधायचा नाही. फेब्रुवारीत हे केलं असतं तर २१२ तिथेच दिसले असते, आणि कार्डावर सगळं शाबूत होतं.

संख्या जुळली म्हणजे फाइल आतून चांगली आहेच असं नाही. म्हणून घरी लॅपटॉपवर कार्डावरून दुसऱ्या एसएसडीवर उतरवताना टेराकॉपीसारखं काहीतरी वापरा, जे उतरवल्यावर मूळ आणि प्रत ताडून बघतं. पहिल्या एसएसडीवरून दुसरीवर घेऊ नका, कार्डावरूनच घ्या. पहिलीत चूक असेल तर तीच दुसरीत जाईल. दोन एसएसडींपैकी एक तुमच्या घरी, एक भाचीच्या. एकाच कपाटात दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

आणि काम संपल्यावर आबांच्या घरी एक प्रत द्या. कागद त्यांचे आहेत.

पिंपळपान (वाई)

महिन्याने लिहितेय. तिसरा आणि चौथा रुमाल पूर्ण झाला, म्हणून आता सांगण्याजोगं आहे.

घेतलं ते असं: कार्डाची खाच असलेलं हब, १ टीबीच्या दोन साध्या एसएसडी, ३२ जीबीची आठ कार्डं, छोटा प्रवासी राउटर आणि २५६ जीबीचा पेनड्राइव्ह. पॉवरबँका घरात होत्याच. बारा हजारांत बसलं नाही, पंधराच्या थोडं वर गेलं. गुरुजींनी वरचे पैसे कुणाला न विचारता दुकानदाराच्या हातात ठेवले.

पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह राउटरला दिसेना. तारयंत्र, तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी दुकानातच लावून बघितला, दुकानातल्या मुलाने फॉरमॅट बदलून दिला. वाड्यात जाऊन हे कळलं असतं तर दिवस वाया गेला असता.

उतरवायला १६ जीबीला २२ मिनिटं लागतात. आम्ही ते जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी असं दोनदा विभागून करतो. हब देवघराच्या कोनाड्यात ठेवतो, तिथे कुणाचा पाय लागत नाही. आबांनीच ती जागा दाखवली. आयपॅडची स्क्रीन आपोआप बंद होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये "कधीच नाही" केलंय, संपेपर्यंत मी समोरून उठत नाही. कुणी चहाला बोलावलं तरी नाही.

वीज दोनदा गेली. एकदा ऐन उतरवताना गेली. हबला पॉवरबँक लावलेली होती, वर्तुळ थांबलं नाही. माझे हात मात्र गार पडले होते.

भिंतीचं दौत म्हणाले तसंच झालं. ५ वर गुरुजींच्या खुर्चीपाशी काही येत नव्हतं, २.४ वर राउटर उंबऱ्याशी ठेवल्यावर व्यवस्थित. नातवाचा फोन मात्र सारखा सुटायचा. "इंटरनेट नाही" म्हणून तो आपणहून मोबाइल डेटावर उडी मारायचा. विमान मोड करून वायफाय तेवढं चालू ठेवल्यावर थांबला. कुणाला हीच अडचण आली तर उपयोगी पडेल.

वही रोज लिहितो. तिसऱ्या रुमालाच्या दुसऱ्या दिवशी आकडे जुळले नाहीत. कॅमेऱ्यात ३९१, एसएसडीवर ७८२, पण यादीत ३९३ बाजू. शोधलं तेव्हा कळलं, दोन कागद एकमेकांना चिकटलेले होते, मी यादीत दोन धरले, भाचीने एकच समजून फोटो घेतला होता. रुमाल अजून सोडलेलाच होता. हलक्या हाताने, पापुद्रा न उचलता, ते वेगळे केले आणि राहिलेल्या दोन बाजू घेतल्या. वही नसती तर ते दोन्ही पुन्हा चिकटून आत गेले असते.

गुरुजींचं सांगायलाच हवं. परवा ते सोप्यात वाचत होते, मी आत. अचानक त्यांनी हाक मारली. चौथ्या रुमालातल्या एका पत्राच्या शेवटी "छ १४ रमजान" अशी मिती (तारीख; छ म्हणजे चंद्र) होती आणि मजकूर मधेच तुटलेला. त्यांना आठवलं, पहिल्या रुमालात एक बिनमितीचा बंद (लिहिलेला कागद) होता, सुरुवात असलेला आणि शेवट नसलेला. दोन्ही फोटो त्यांनी आयपॅडवर आणि टॅबवर शेजारी शेजारी धरले. हात तोच, शाई तीच, आणि तुटलेली ओळ एकातून दुसऱ्यात सरळ गेली. पाणी वाटून घेण्यावरून दोन वाड्यांमधला तंटा आहे. आबांना बोलावून त्यांनी पूर्ण पत्र मोठ्याने वाचलं. आबा काठी टेकून उभेच राहिले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "तो पाट अजून आहे. दाखवतो चला." आणि आम्ही सगळे गेलो.

फेब्रुवारीतल्या त्या महजराचा कोपराही या वेळी कागदाशेजारी ठेवून, मोजपट्टी लावून पुन्हा घेतला. साक्षीदाराची निशाणी फोटोत नीट दिसते. नांगर आहे.

दौत, आबांची प्रत पेनड्राइव्हवर द्यावी की वेगळ्या एसएसडीवर? पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर टिकेल का, याची मला काळजी आहे. नातू म्हणतो दर दिवाळीला काढून बघेन आणि नवीन प्रत करेन. पाचवा रुमाल सोमवारी सोडायचा आहे, तोवर सांगितलंत तर बरं होईल.

दौत (धुळे)

पडून ठेवायला पेनड्राइव्ह नको. एसएसडीही वर्षानुवर्षं विजेशिवाय ठेवायची वस्तू नव्हे. आबांसाठी साधी तबकडीची डिस्क घ्या, ती आता घरीच राहणार, हादऱ्यांचा प्रश्न नाही. रुमालांच्याच पेटीत नको, वेगळ्या कपाटात, कोरड्या जागी. नातवाची दिवाळीची गोष्ट उत्तम आहे, त्याला वहीची एक झेरॉक्सही द्या, म्हणजे उघडल्यावर मोजायचं किती ते त्याला कळेल.

आणि त्या जोडलेल्या पत्राच्या दोन्ही फोटोंच्या नावांत एकमेकांचे क्रमांक आजच घाला.